दोन गिअरबॉक्स, एकच दुखणं: मॉडिफाय केलेल्या एका एस्टीमचा प्रकरण अभ्यास

२००५ सालची मारुती एस्टीम. १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, कारखान्यातून निघताना ८५ अश्वशक्तीचं. एमएच-०४ पासिंग, पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर रीतसर तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतलेली. गाडी मूळ वडिलांची. मुलगा आता तिशीत आहे, घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो आणि कामाला महापेला जातो. घरात गाडी विकायचा विषय निघाला तेव्हा त्यानं ती स्वतःकडे घेतली आणि जमेल तसं तिच्यावर काम करत गेला. फोर-टू-वन हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या एकात मिळणारा एक्झॉस्ट), मोठा एअर इनटेक, पोर्टिंग केलेलं (हवेच्या वाटा मोकळ्या केलेलं) हेड, बदललेला कॅमशाफ्ट, हलकं फ्लायव्हील, हेवी ड्यूटी प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरते ती) आणि तिच्याबरोबर सिरॅमिक पॅडची क्लच प्लेट, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, आणि मूळच्या १३ इंची चाकांच्या जागी १५ इंची अलॉय. काम हौसेचं होतं, पण निष्काळजी नव्हतं. प्रत्येक पार्टचं बिल त्यानं फाइलला लावून ठेवलं होतं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात गाडी स्वतःच्या चाकांवर आली, हे आमच्या दृष्टीनं फार बरं झालं. चालत्या गाडीचं निदान करता येतं. बॉक्स उतरवून पोत्यात घालून आणला की निम्मा पुरावा वाटेतच सांडलेला असतो, मग उरतात फक्त झिजलेले दाते. ते दाते काय झिजलंय ते सांगतात, का झिजलं ते सांगत नाहीत.

तक्रारी चार होत्या. गाडी गरम झाली की दुसरा गिअर टाकताना कर्र असा आवाज. गायमुखच्या उतारावर पाय उचलला की तिसरा सुटून न्यूट्रलला यायचा. पाचव्यात एकसारखी हुंकारल्यासारखी घरघर. आणि कापूरबावडीच्या सिग्नलला बराच वेळ थांबल्यावर पहिला पडायला त्रास.

"काका, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात बॉक्स बघून ठेवलाय. तुम्ही फक्त चढवून द्या," असं म्हणतच तो आत आला.

"आता गाडीत आहे तो कुठला?"

"तोही तिकडचाच. गेल्या वर्षी टाकला."

"आणि कंपनीचा?"

"तोही असाच दुसऱ्या गिअरला गेला होता."

प्रकरणाची दिशा इथेच ठरली. एका गाडीत दोन बॉक्स एकाच जागी गेले असतील, तर तिसरा चढवण्याआधी गाडीकडे बघायला हवं. जुन्या बाजारातून आणलेला बॉक्स एखादवेळी आधीच खराब निघतो, ते मान्य. पण कारखान्यातून आलेला आणि बाजारातून आणलेला, दोघांनी नेमकं दुसऱ्या गिअरलाच मान टाकावी, हा योगायोग मला पटेना.

खोलण्याआधीची तपासणी

आमच्याकडे एक पद्धत आहे: स्पॅनर हातात घेण्याआधी कानांनी आणि डाव्या पायानं तपासायचं. इंजिन आयडलला, गिअर न्यूट्रलला, क्लच सोडलेला. आवाज येतो का? मग क्लच हळूच दाबायचा. दाबल्यावर आवाज बंद झाला तर संशय बॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, कारण क्लच तुटला, म्हणजे इंजिन आणि बॉक्सचा संबंध सुटला, की तो शाफ्ट थांबतो. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे क्लच दाबताना प्रेशर प्लेटला टेकतं त्यावर. या गाडीत दोन्हीची सरमिसळ होती. क्लच सोडलेला असतानाही रिलीज बेअरिंगची किणकिण कानावर येत होती, म्हणजे ते सारखं प्रेशर प्लेटला टेकलेलं होतं.

पुढची परीक्षा रिव्हर्सची. या बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी रिंग, नाही. इंजिन आयडलला ठेवून क्लच पूर्ण दाबायचा, मनात पाच आकडे मोजायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. क्लच नीट तुटत असेल तर तेवढ्या वेळात इनपुट शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स बिनआवाज पडतो. इथे पाच मोजले, दहा मोजले, तरी खर्र व्हायचंच. मग पुढची चाकं वर घेतली, गाडी स्टँडवर भक्कम बसवली, पहिला गिअर टाकून क्लच तळाला दाबून धरला. चाकं सावकाश फिरत राहिली. क्लच दाबलेला असताना फिरणारं चाक दिसलं की पुढे वाद उरत नाही. क्लच चिकटत होता.

मालकाचा विश्वास बसेना. "क्लच तर एवढा महागाचा टाकलाय, काका. पेडल बघा ना केवढं जड आहे."

पेडल जड होतं, हे खरं. पण इथे जडपणाच नडत होता, आणि तो कसा ते बघायला पेडलवर एक माणूस आणि बोनेटखाली दुसरा लागतो. आमचे मामा, म्हणजे गाळ्यातले सगळ्यात जुने मिस्त्री, ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी टॉर्च घेऊन वाकलो. एस्टीमचा क्लच केबलवर चालतो. पेडल दाबलं की आतली तार खेचली जाते आणि गिअरबॉक्सवरचा लिव्हर फिरतो. पण तार जेवढ्या जोरानं खेचली जाते तेवढ्याच जोरानं केबलचं बाहेरचं कवच फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या, पत्र्याला ढकलतं. मामांनी पेडल दाबलं, आणि केबल ज्या भोकातून आत जाते त्याच्या भोवतीचा पत्रा डोळ्यादेखत केबिनच्या बाजूला दबला. पेडल सोडलं, पत्रा परत आला. भोकाच्या वरच्या कडेला रंगाला केसासारखी तडा गेली होती आणि तिच्यात गंज उतरला होता. स्टीलची पट्टी लावून बघितलं तर पत्रा चारेक मिलिमीटर आत जात होता.

चार मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत. पण लिव्हर एकूण चालतोच किती? त्यातले चार पत्र्यानं खाल्ले, वर नव्या इनटेकच्या पाइपनं केबलला कोपरा पाडला होता, त्या वळणात आणखी थोडे गेले. आधीच्या कुणीतरी यावर उपाय म्हणून केबलचा ॲडजस्टिंग नट आटे संपेपर्यंत आवळून ठेवला होता. लिव्हरच्या टोकाला जी दोन-चार मिलिमीटरची मोकळीक हवी ती शून्यावर आलेली. म्हणून रिलीज बेअरिंग सारखं टेकून फिरत होतं, आणि एवढं करूनही क्लच पुरता तुटत नव्हता.

रिंगवर किती ओझं पडतं

बॉक्समधले पुढे जायचे सगळे गिअर एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. आपण गिअर टाकतो म्हणजे शाफ्टवरची स्लीव्ह सरकवून त्यातला एक गिअर शाफ्टशी कुलूपबंद करतो. स्लीव्ह आणि गिअर वेगवेगळ्या वेगानं फिरत असतील तर दाते दात्यांवर आपटतात. ते होऊ नये म्हणून मध्ये पितळी रिंग असते. ती गिअरच्या निमुळत्या कोनावर घासते, वेग जुळवते, आणि मगच स्लीव्हला पुढे जाऊ देते. मोटारीत हा प्रकार पहिल्यांदा १९२८ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी, आणि ट्रक-बसमध्ये त्यानंतरही कैक वर्षं, ड्रायव्हरलाच डबल क्लच मारून वेग जुळवावे लागत. एसटीचे जुने चालक ज्या सहजतेनं ते करायचे ते मी लहानपणी पुढच्या सीटवरून बघितलंय. त्यांच्या हातात जी जाण होती ती आता त्या पितळेच्या कड्यात आहे.

या गाडीत त्या कड्यावर काय ओझं पडत होतं ते बघा. पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण ३.४ आणि दुसऱ्याचं १.९ धरू. ३५०० आरपीएमला पहिल्यातून दुसऱ्यात गेलात, तर इनपुट शाफ्टला ३५०० वरून साधारण १९५० वर यावं लागतं. ६००० ला गेलात, तर ६००० वरून ३३५० वर. फरक पहिल्या वेळी १५५०, दुसऱ्या वेळी २६५०. रिंगवरचं काम या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे वरच्या आरपीएमला बदललेला एक गिअर खालच्या आरपीएमला बदललेल्या तीन गिअरांइतकी झीज करतो. बदललेल्या कॅमशाफ्टची ताकद वरच उगवते, त्यामुळे पोरगं रिकामा रस्ता मिळाला की वरच बदलणार. त्यात नवल काही नाही.

त्याला कुणीतरी सांगितलं होतं की हलक्या फ्लायव्हीलमुळे सिंक्रो जातात. हे साफ चूक आहे. क्लच दाबला की फ्लायव्हील इंजिनाकडे राहतं, रिंगचा त्याच्याशी संबंधच तुटतो. रिंगला आवरावी लागते ती क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याच्याशी जोडलेले गिअर. त्या हिशेबात सिरॅमिक पॅडची प्लेट थोडी दोषी होती. काट्यावर ठेवली तेव्हा ती मूळ प्लेटपेक्षा जड भरली. पण खरा घात चिकटणाऱ्या क्लचनं केला. क्लच पुरता तुटत नसला की रिंग एकट्या शाफ्टला आवरत नाही, तिला चालू इंजिनाला ब्रेक लावावा लागतो. बोटभर रुंदीच्या पितळेनं किती दिवस लावायचा?

जड क्लचची गरज होती का, हा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, ताकद वाढवली म्हणून. इथे बऱ्याच हौशी मंडळींची गल्लत होते. क्लचला अश्वशक्ती पेलायची नसते, टॉर्क पेलायचा असतो. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. कॅमशाफ्ट, हेडर आणि पोर्टिंगनं टर्बो नसलेल्या इंजिनाची अश्वशक्ती वाढते ती मुख्यतः ते वर जास्त फिरतं आणि तिथे दम टिकवतं म्हणून. कमाल टॉर्कमध्ये थोडाच फरक पडतो. कंपनीच्या क्लचमध्ये जी राखीव क्षमता असते तिच्यात तो फरक सहज मावतो. टर्बो लावला असता तर गोष्ट निराळी होती. या गाडीला चांगल्या प्रतीची मूळ मापाची प्रेशर प्लेट आणि साधी ऑरगॅनिक प्लेट पुरेशी होती, पहिल्या दिवसापासून.

ऑइल काय सांगतं

बॉक्स उतरवण्याआधी ऑइल काढलं. पसरट पांढऱ्या ट्रेमध्ये काढायचं, काळ्या डब्यात नाही. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात पाणी साचतं आणि मालक त्याच रस्त्यानं ठाणे-बेलापूर रोडला लागतो, त्यामुळे ब्रीदरमधून, म्हणजे बॉक्सच्या हवेच्या वाटेनं, पाणी गेलं असावं अशी एक शंका होती. तसं असतं तर ऑइल दुधाळ दिसलं असतं. ते दुधाळ नव्हतं. होतं ते काळपट, मधासारखं जाड, आणि मापानं कमी. ट्रे टॉर्चखाली हलवला की तळाशी सोनेरी झाक फिरायची. ती झाक म्हणजे रिंगचं पितळ. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट होती, तेवढी प्रत्येक बॉक्समध्ये सापडते आणि तिनं घाबरायचं कारण नाही. पण त्या पेस्टमध्ये बोटाला टोचणारे दोन तिकोनी कण होते. ते दात्यांचे तुटलेले शेंडे.

ऑइल जाड का, याचा उलगडा बिलांच्या फाइलमध्ये झाला. गेल्या वेळी घरघर कमी व्हावी म्हणून कुणीतरी ८५डब्ल्यू-१४० जाडीचं, जीएल-५ दर्जाचं ऑइल भरून दिलं होतं. आवाज काही दिवस दबला असणार. पण जीएल-५ हे मुख्यतः हायपॉइड डिफरेन्शियलसाठीचं ऑइल. ट्रक-जीपच्या मागच्या ॲक्सलमध्ये दाते एकमेकांवर घसटत फिरतात, तिथे त्यातली गंधक-फॉस्फरसची मात्रा लागते. तीच मात्रा गरम अवस्थेत पितळेला खाऊ शकते. शिवाय रिंगच्या आतल्या बारीक आट्यांचं काम कोनावरचं ऑइल कापून बाजूला सारण्याचं. ऑइल फार जाड आणि फार निसरडं असलं की रिंगची पकडच बसत नाही. एस्टीमसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आडव्या इंजिनाच्या गाडीत डिफरेन्शियल बॉक्सच्या पोटातच असतं आणि त्याचे दाते हेलिकल असतात, हायपॉइड नसतात. तिथे जीएल-५ ची गरजच नाही. ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, एवढंच बघून घ्यायचं.

ऑइल कमी का, हे गाडीखाली दिसलं. एका बाजूच्या ॲक्सलच्या सीलखाली केसिंग ओलं, त्यावर धुळीचा थर. गाडी खाली बसवल्यानं ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलला होता, आणि बॉक्स दोनदा उतरवताना-चढवताना सील मात्र तेच राहिलं होतं. गळती थेंबाथेंबाची. पार्किंगमध्ये डाग पडण्याइतकीही नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आली नाही.

खोलल्यावर

दुसऱ्या गिअरची रिंग हातात घेतली तेव्हा निदान पुरं झालं. नव्या रिंगच्या आत बोट फिरवलं की आटे नखाला लागतात. ही झिजलेल्या किसणीसारखी होती: आटे दिसत होते, पण शेंडे सपाट होऊन चकाकत होते आणि नख सरळ घसरत होतं. कोनावर दाबून फिरवली तर पकडत नव्हती. रिंग आणि गिअर यांच्यातली फट फीलर गेजनं मोजतात. सुझुकीच्या मापाप्रमाणे नव्यात ती १.० ते १.४ मिलिमीटर असते आणि ०.५ च्या खाली गेली की रिंग बाद. इथे ०.२ ची पात अडकत होती.

तिसऱ्याची गंमत वेगळी. त्याची रिंग अजून चालण्यासारखी होती, पण गिअरच्या बाजूचे लहान दाते, ज्यांना कारागीर डॉग म्हणतात, ते बोथट झाले होते आणि स्लीव्हच्या आतले दातेही. या दात्यांना कारखान्यात किंचित उलटा उतार देतात, म्हणजे ताण आला की स्लीव्ह आणखी आत ओढली जाते. तो उतार झिजला की उलट होतं, ताण तिला बाहेर ढकलतो. म्हणून उतारावर पाय उचलला की तिसरा सुटत होता. त्यात एक इंजिन माउंटिंग फाटलेलं. इंजिन मागेपुढे डोललं की गिअरचा रॉडही हलतो. आणि मालकाला हात कायम गिअरच्या दांड्यावर ठेवायची सवय. दांड्यावरच्या हाताचं वजन थेट शिफ्ट फोर्कवर, म्हणजे स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यावर, जातं, फोर्क स्लीव्हच्या खाचेत घासत राहतो. फोर्कच्या टोकाची झीज डोळ्यांना दिसत होती.

पाचवा गिअर या बॉक्समध्ये मुख्य केसिंगच्या बाहेर, कडेच्या कव्हरखाली असतो. ऑइल कमी पडलं की पहिला तोच उपाशी राहतो. दाते निळसर पडलेले, पृष्ठभागावर बारीक खळगे. घरघर तिथली होती.

काय करायचं ठरलं

कुर्ल्याचा पूर्ण बॉक्स चढवणं सगळ्यात स्वस्त आणि एका दिवसाचं काम होतं. तो मार्ग मी सरसकट वाईट म्हणणार नाही. स्टॉक गाडी असेल, गाडीचं दुसरं काही बिघडलेलं नसेल आणि बॉक्स खात्रीचा मिळत असेल, तर मीच तो सुचवतो. स्पर्धेच्या गाड्यांत टाकतात तसे सरळ कापलेल्या दात्यांचे क्लोज रेशो (जवळजवळच्या प्रमाणांचे) गिअर हा दुसरा टोकाचा पर्याय, आणि मालकाला त्याचाही मोह होता. ते दाते मजबूत असतात, पण सगळ्या गिअरमध्ये रडतात. माजिवड्यापासून घरापर्यंत रांगत जाणाऱ्या गाडीत रोज ते ऐकणं शक्य नाही, आणि खर्चाचा तर विचारच नको.

आम्ही गाडीतलाच बॉक्स बांधायचा ठरवला, आणि कुर्ल्याचा त्यानं बघून ठेवलेला बॉक्स दाता म्हणून, म्हणजे सुटे भाग काढून वापरायला, घ्यायचा. एस्टीमचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. रिंगा, बेअरिंग, सील हे अजून शोधलं तर नवं मिळतं, पण गिअरसाठी दाता बॉक्सच बरा. दाता बॉक्सचा तिसरा गिअर आणि पाचव्याची जोडी चांगली निघाली. दोन्ही हब-स्लीव्ह (हब म्हणजे शाफ्टवर बसणारा, ज्यावरून स्लीव्ह सरकते तो भाग) नव्या मिळाल्या आणि त्या जोडीनंच घातल्या. जुनी स्लीव्ह नव्या हबवर चढवायची काटकसर करू नये, ती त्याच हबवर झिजलेली असते आणि दुसरीकडे अडखळते. पाचही पुढच्या गिअरांच्या रिंगा, सगळी बेअरिंग, सगळी सील, फोर्क नवे. एक रिंग बदलून भागतं असं म्हणणारे खूप आहेत. बॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी रिंगच्या किमतीपेक्षा जास्त असते, मग एकाच रिंगसाठी तो उतरवायचा कशाला?

बांधणीतली दोनच पथ्यं सांगतो, कारण बहुतेक बॉक्स तिथेच बिघडतात. शाफ्टवरचे गिअर आणि हब प्रेसवर काढायचे-बसवायचे, हातोड्यानं नाही. घाईत मारलेला एक ठोका बेअरिंगच्या गोट्यांचे ठसे रेसवर उमटवतो आणि नव्या बॉक्सला पहिल्याच दिवशी आवाज येतो. दुसरं म्हणजे शिम, फट भरायची पातळ चकती. बेअरिंग बदललं की जुनी शिम डोळे मिटून परत टाकायची नाही, मोजून निवडायची. मामांनी या एका कामाला जवळजवळ अख्खी दुपार दिली, आणि मी त्यांना एकदाही घाई केली नाही.

क्लचचं काम बॉक्सइतकंच महत्त्वाचं होतं. जड प्रेशर प्लेट आणि सिरॅमिक प्लेट उतरवून मूळ मापाचा संच घातला. हलकं फ्लायव्हील ठेवलं, त्याचा काही गुन्हा नव्हता, फक्त त्याचा पृष्ठभाग लेथवर साफ करून घेतला. फायरवॉलचा तडकलेला पत्रा खरवडून, शिवण मारून, आतून आणि बाहेरून मजबुतीची पट्टी वेल्ड केली. केबल नवी, आणि इनटेकचा पाइप थोडा वळवून केबलला सरळ वाट करून दिली. माउंटिंग रबराचंच बसवलं. कडक पॉलियुरेथेनचं मालकाच्या मनात होतं, पण ते सगळी थरथर बॉडीत उतरवतं. एकदा फाटलेल्या पत्र्याच्या गाडीत ते नको वाटलं.

हेडरबद्दल मात्र मी त्याला स्पष्ट बोललो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकानं केलेल्या अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला उभं राहायचंय. कंपनीचा मॅनिफोल्ड आणि सायलेन्सर त्यानं जपून ठेवला होता. तो परत बसवायला तो लगेच तयार झाला नाही, आणि तो निर्णय त्याचा आहे. पण गाडीवर इतका जीव असलेल्या माणसानं ती कागदावर धोक्यात ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

चालवून बघितल्यावर

पहिल्यांदा गाडी येऊरला नेली. उपवनकडून वर जाणारा चढ लहान आहे, पण दुसरा-तिसरा सारखा बदलायला लावतो. थंड गाडीत दुसरा थोडा घट्ट पडला. नव्या रिंगा बसेपर्यंत तसं होणारच. गरम झाल्यावर दोन बोटांनी पडायला लागला. उतरताना तिसऱ्यात पाय उचलून धरला, दांड्याला हात न लावता. गिअर जागेवर राहिला. रिव्हर्सची परीक्षा परत केली, यावेळी तो बिनआवाज पडला. फायरवॉलला पट्टी लावून बघितली तर पत्रा डोळ्यांना हलताना दिसत नव्हता.

मालकानं पेडल दाबलं आणि क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "हे तर बाबांच्या वेळसारखं झालं."

त्याला सांगितलं ते एवढंच. पहिले हजार किलोमीटर वर फिरवायचं नाही. सिग्नलला पहिला टाकून क्लच दाबून उभं राहायचं नाही, न्यूट्रल करून पाय काढायचा. हात स्टिअरिंगवर. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना क्षणभर न्यूट्रलला रेंगाळायचं आणि मग दुसरा टाकायचा, रिंगला तेवढी उसंत पुरते. हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलायचं आणि महिन्यातून एकदा सीलखाली बोट फिरवून बघायचं.

हजारनंतर तो आला. ट्रे टॉर्चखाली हलवला. नव्या रिंगांची थोडी सोनेरी धूळ होती, अपेक्षित तेवढीच. चुंबकावर पेस्ट, टोचणारा कण नाही. सील कोरडी. पाचव्यात ऐंशीच्या वेगाला अगदी बारीक सूर अजून ऐकू येतो. पाचव्याची जोडी दाता बॉक्सची, म्हणजे जुनीच आहे, आणि ती आधी ज्या गाडीत होती तिथली घसट घेऊन आलेली आहे. नवी जोडी मिळाली तर कडेचं कव्हर काढून, बॉक्स खाली न उतरवता ती बदलता येईल. तोपर्यंत तो सूर चालू द्यायचा असं दोघांनी मिळून ठरवलं, आणि पुढच्या ऑइल बदलाची तारीख त्यानं त्याच फाइलमध्ये लिहून घेतली.